शिलकीचा दम

वडनेर भोलजीच्या शाळेमागे जे मैदान आहे, तेथे धावण्याचा सराव सुरू करणाऱ्या प्रत्येक मुलामुलीकडून पहिल्या सायंकाळी एकच काम करून घेतले जाते. पस्तीस मीटर अंतरावर पांढऱ्या फक्कीच्या दोन रेघा मारलेल्या असतात. एका रेघेपासून दुसऱ्या रेघेपर्यंत एकदा, फक्त एकदा, जीव खाऊन धावायचे आणि चपला घालून घरी जायचे. नव्या मुलांचे पालक कुंपणाशी उभे राहून या विधीकडे काहीशा अविश्वासाने पाहतात.

"एवढ्यासाठी पोट्ट्याले वावरातून बोलावलं काय, सर?" असे एखादा विचारतोही.

क्रीडाशिक्षक धम्मरत्न हिवराळे हसतात, स्टॉपवॉचवरचा आकडा मोबाईलमध्ये टिपून घेतात आणि म्हणतात, "एवढ्यासाठीच. बाकीचं उद्या."

हा विधी सरांच्या पदवीच्या पाठ्यपुस्तकात दोन ओळींत सांगितलेला होता. त्या दोन ओळी त्यांनी परीक्षेपुरत्या वाचल्या आणि पुढे अनेक वर्षे अनावश्यक म्हणून सोडून दिल्या. त्यांचे मोल त्यांना ज्या वर्षी कळले, त्या वर्षाची ही हकीकत आहे.

सर याच गावचे. वडील प्रेमानंद हे मलकापूरच्या कापूस बाजारात हमाली करीत. आई सत्यभामाबाई वेचणीला जाणाऱ्या बायकांच्या टोळीची पुढारीण असे. शाळकरी धम्मरत्न दिवाळीच्या सुटीत आईच्या शेजारची पात धरी. वेचणाऱ्याने आपल्या वाट्याला घेतलेल्या कपाशीच्या ओळी म्हणजे पात. ती धरली की बांधापर्यंत सोडायची नाही. त्या मुलाचे अंग सडपातळ होते आणि धाव लांब पल्ल्याची होती. त्या धावेच्या बळावर तो अमरावतीला शारीरिक शिक्षण शिकला, आणि परत येऊन आपल्याच शाळेत शिक्षक झाला. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलामुलींना तो भल्या सकाळी महामार्गालगत पळवू लागला. भरतीत मुलांना सोळाशे मीटर आणि मुलींना आठशे मीटर धावावे लागते. सरांचा मंत्र एकच होता, "दम राखा! दम राखून पळा!" त्या मंत्राने गावातल्या कितीतरी घरांत खाकी वर्दी आली. रविवारी विहारात वंदना आटोपली की सुटीवर आलेला एखादा शिपाई सरांच्या पाया पडतो, आणि सर संकोचून त्याला खांद्याला धरून उभे करतात.

परंतु मनुष्यदेहात बळाचे स्रोत दोन आहेत. एक बारमाही झिरपणाऱ्या विहिरीसारखा असतो; जेवढे उपसावे तेवढे श्वासागणिक पुन्हा भरत जाते. सोळाशे मीटरची धाव बहुतांशी या विहिरीवर चालते. दुसरा स्रोत घरात भरून ठेवलेल्या रांजणासारखा. त्यातले पाणी हवे त्या क्षणी एकदम ओतता येते, पण तो पाहता पाहता रिता होतो आणि भरायला अवकाश मागतो. या दुसऱ्या बळाला विज्ञानाच्या परिभाषेत विनॉक्सी म्हणतात, कारण ते खर्च करताना स्नायू प्राणवायूची वाट पाहत बसत नाहीत. चारशे मीटरच्या शर्यतीत हा रांजण जवळजवळ तळापर्यंत ओतावा लागतो. ओतून झाल्यावर मांड्या लाकडासारख्या होतात, पोटात ढवळते, आणि धावणारा जमिनीवर पडतो.

या रांजणाचे माप काढण्याची एक साधी रीत आहे. पस्तीस मीटरच्या सहा धावा घ्यायच्या आणि दोन धावांमध्ये केवळ दहा सेकंदांची उसंत द्यायची. धावणाऱ्याचे वजन आणि प्रत्येक धावेचा वेळ यांवरून बळाचा हिशेब मांडता येतो. आरंभीच्या धावा रांजण केवढा आहे ते सांगतात, आणि अखेरच्या धावा तो किती वेगाने रिता होतो ते सांगतात. शाळेचा वजनकाटा बिघडलेला असल्यामुळे सर मुलांना नारायणराव पाटलांच्या खळ्यात नेत. तेथे तीन बांबूंवर कापूस तोलण्याचा काटा टांगलेला असे. मुले त्याच्या आकड्याला लोंबकळत आणि नारायणराव ओरडत, "हळू रे! क्विंटलभर कापूस तोलून काटा मोडला नाई, तुम्ही मोडसान!"

अशाच एका परीक्षेत सरांचे लक्ष सुवर्णा तायडेकडे गेले. सुवर्णा बारावीत होती. वडील सुरतेला कापडाच्या कारखान्यात कामाला. आई अन्नपूर्णाबाई गावातच वेचणी-निंदणीला जाई. त्या सायंकाळी सहा धावा संपल्या तेव्हा बाकीची मुले फक्कीत लोळत होती. सुवर्णा मात्र उभी राहून वेणीची रिबीन बांधत होती.

"झालं काय, सर? का अजून आहे?"

सरांनी आकडे पाहिले. पहिली धाव सहा सेकंदांची होती आणि सहावी तिच्याहून जेमतेम दोन दशांशांनी मंद. इतरांचे आकडे पायरीपायरीने घसरलेले, हिचे मात्र एका ओळीत उभे असलेले. ज्या माणसाने आयुष्यभर दम राखण्याची शिकवण दिली, त्याला हे समत्व पाहून मोह पडला तर नवल नव्हते. थकवा जिला शिवत नाही अशी मुलगी आपल्याला लाभली, असे त्यांना वाटले. चारशे मीटरसाठी त्यांनी तिचे नाव त्याच क्षणी मनात पक्के केले.

अन्नपूर्णाबाईंचा होकार मिळवणे मात्र सोपे नव्हते. दिवाळीनंतर मुलीला घेऊन सुरतेला, नवऱ्याकडे कायमचे जायचे असे तिने ठरवले होते. तेथे सुवर्णालाही कारखान्यात काम मिळणार होते. सरांनी तिला समजावले की पोरगी विभागातून निवडून राज्यस्तरावर धावली, तर अमरावतीला खेळाडूंच्या वसतिगृहात जागा मिळेल आणि पुढचे शिक्षण होईल.

अन्नपूर्णाबाईंनी चहाचा कप पुढे ठेवला आणि ती म्हणाली, "हा हंगाम तुमचा, सर. राज्यावर गेली तं जाऊ द्या तिले अमरावतीले. नाई गेली तं पोरगी माही. मंग मले समजवाले येजा नका."

"नाही येत," सरांनी शब्द दिला.

जिल्हा स्पर्धा बुलढाण्याला झाली. सुवर्णाने चारशे मीटर सहज जिंकले. दुसरी आली ती मलकापूरची आयशा. रेघ ओलांडताच ती पाय आभाळाकडे करून उताणी पडली. तिच्या मैत्रिणी पदकाचे विसरून तिच्या पोटऱ्या चोळू लागल्या. आयशाचे प्रशिक्षक कय्यूम सर हे धम्मरत्न सरांचे जुने स्नेही. एकाच वर्षी दोघे अमरावतीला शिकले होते. ते हात पुढे करून आले.

"मुबारक हो, भाऊ. पन एक गोष्ट इचारू? तुमची पोट्टी रेस पळून आली, का बाजार करून?"

"दम हाय तिच्यात, कय्यूमभाई. जळता काऊन?"

"दम हाय, तेच तं म्हनून राह्यलो! रेस संपली अन् दम शिल्लक. ती शिल्लक आता घरी नेऊन लोणचं घालता का तिचं?" कय्यूम सर हसले, पण मग त्यांचा स्वर उतरला. "माही आयशा पाहा. तिच्यापाशी जेवढं होतं तेवढं टाकून आली. तुमच्या पोरीपाशी जास्त हाय अन् तिनं टाकलं कमी. अमरावतीले अशा पोरी येतात भाऊ, ज्या रेघेवर मरून पडतात. तिथं हे चालत नाई."

परतीच्या बसमध्ये सर मोबाईलमधले जुने आकडे पुन्हा पाहत होते. मागच्या बाकांवर मुली पदकांची ओढाओढ करीत होत्या. घाट उतरताना सरांना पाठ्यपुस्तकातल्या त्या दोन ओळी आठवल्या. सहा धावांची परीक्षा घेण्यापूर्वी एकच धाव स्वतंत्र घ्यावी. सहांमधली पहिली धाव त्या एकट्या धावेच्या जवळपास नसेल, तर परीक्षा ग्राह्य धरू नये.

दुसऱ्या सायंकाळी त्यांनी सुवर्णाला रेघेवर उभे केले.

"आज एकच. पळायचं अन् घरी जायचं."

"एकच? खरंच एकच, सर?"

"खरंच."

ती धावली. सरांनी आकडा पाहिला आणि हातातले घड्याळच बिघडले असावे असे त्यांना वाटले. पाच सेकंद आणि दोन दशांश. पुन्हा धावायला सांगण्याची इच्छा ओठांपर्यंत आली होती, पण शब्द दिलेला होता. त्यांनी तिला घरी जाऊ दिले. तिसऱ्या दिवशी पुन्हा एकच धाव घेतली. आकडा तोच आला.

"सुवर्णा," त्यांनी विचारले, "त्या दिवशी सहा धावा घेतल्या, तेव्हा पहिलीच एवढी हळू काऊन पळली तू?"

"सहा होत्या ना, सर."

"मग?"

"पहिलीतच सगळं टाकलं असतं तं सहावीत काय टाकलं असतं?"

तिच्या स्वरात लबाडी नव्हती. उलट, एवढे सरळ सरांना कसे कळत नाही याचे आश्चर्यच होते.

त्या रविवारी वेचणीला नुकता प्रारंभ झाला होता. पहिल्या वेचणीपूर्वी कपाशीला दहीभाताचा नैवेद्य दाखवण्याची रीत वऱ्हाडात आहे. तिला सीतादही म्हणतात. नारायणरावांच्या शेतात सीतादही आटोपून बायकांनी पाती धरल्या होत्या. सरावाचा वेळ वाढवून मागण्यासाठी सर अन्नपूर्णाबाईंना भेटायला तेथे गेले आणि बांधावरच थबकले. वीसेक बायका एका रेषेत सरकत होत्या. सुवर्णा आईच्या शेजारी होती. कमरेला झोळी, दोन्ही हात बोंडांवर, आणि हातांची गती आईच्या हातांशी जुळलेली. नवीनच आलेली एक मुलगी झपाझप वेचत सर्वांच्या पुढे निघाली होती.

"ए व पोरी!" अन्नपूर्णाबाई ओरडली. "आग लागली का वावराले? दुपारी बसशीन मंग मान धरून. सांज पडेपर्यंत हात असाच चालला पाह्यजे!"

बायका हसल्या. ती मुलगी ओशाळून मागे आली आणि रांगेत मिसळली.

सर हसले नाहीत. हेच शब्द याच शिवारात, याच चालीवर त्यांनी स्वतःच्या आईच्या तोंडून ऐकले होते. तेच पुढे महामार्गालगत धावत असताना त्यांच्या तोंडी "दम राखा" होऊन आले होते. जी लहानपणापासून सायंकाळपर्यंत पुरवून काम करायला शिकली, तिला त्यांनी सहा धावा दिल्या, आणि तिने त्या सहा पातींसारख्या पुरवून वेचल्या. ज्या आकड्यांना ते बळाचे माप समजून बसले होते, त्यांत शेताने आणि स्वतः त्यांनी लावलेली सवय मोजली गेली होती. रांजण केवढा आहे, हे अद्याप कोणी पाहिलेच नव्हते. आणि विभागीय स्पर्धेला महिनाही उरला नव्हता.

सराव त्याच आठवड्यापासून बदलला. पूर्णेच्या खोऱ्यातली ही काळी जमीन तव्यासारखी सपाट; चढ म्हणावा तर गावाबाहेरच्या पाझर तलावाची पाळ. त्या पाळीवर तळापासून माथ्यापर्यंत पूर्ण वेगाने चढायचे, सावकाश उतरायचे, आणि श्वास अगदी शांत होईपर्यंत बसून राहायचे, असा क्रम ठरला. सुवर्णाला चढण्याचा त्रास झाला नाही, बसण्याचा झाला.

"असं बसून राह्यलं तं लोक काय म्हनतीन, सर? पोरगी पळाले येते का हवा खाले?"

"रांजण भरून राह्यला ना तुझा. भरू दे."

आरंभी सरांनी एक चूक केली. "हीच शेवटची" म्हणून धाव घ्यावी आणि ती संपल्यावर "आता आणखी एक" म्हणावे, अशी युक्ती त्यांनी दोन दिवस करून पाहिली. तिसऱ्या दिवशी सुवर्णा हसून म्हणाली, "तुमची शेवटची म्हंजे शेवटची नसते, सर," आणि त्या दिवशीच्या सर्व धावा तिने पुन्हा राखून काढल्या. तेव्हापासून सरांनी कानाला खडा लावला. एक म्हटले की एक. त्यांच्या शब्दावर तिचा जसजसा विश्वास बसत गेला, तसतसे तिचे पाय मोकळे झाले. मग पाळीवरून उतरून अडीचशे-तीनशे मीटरच्या धावा सुरू झाल्या. आठवड्यातून दोनदाच, आणि दोन धावांमध्ये भरपूर विसावा.

अशाच एका धावेनंतर सुवर्णा बाभळीमागे जाऊन ओकली. दुसऱ्या सकाळी अन्नपूर्णाबाई शाळेच्या दारात उभी राहिली.

"सर, पोरगी पळाले पाठवली होती, का मळमळ कराले? रात्री भाकरीले हात लावला नाई तिनं."

सरांनी तिला बसायला खुर्ची दिली. स्नायू फार वेगाने राबले की अंगात आम्ल साचते, ते काही वेळाने ओसरते, यात भिण्यासारखे काही नाही, असे त्यांनी सांगितले. मग विहीर आणि रांजण समजावून दिले.

"अन् तो रांजण तुम्ही फोडून राह्यले," अन्नपूर्णाबाई म्हणाली.

"फोडत नाही, बाई, रिता करून राह्यलो. तळापर्यंत रिता केला की दर खेपेला थोडा मोठा होते."

"रांजण मोठा होते हे पह्यल्यांदाच ऐकून राह्यली मी," ती उठता उठता म्हणाली. "पन तिचा जीव सांभाळजा. अन् दुपारी उशिरा जेवून येते ती. ते तिलेबी सांगा."

ते मात्र सरांच्या ध्यानात आले नव्हते. त्यांनी जेवणाची वेळ अलीकडे आणवली आणि मळमळ पुष्कळ कमी झाली.

स्पर्धेच्या काही दिवस आधी सहा धावांची परीक्षा पुन्हा झाली. सुवर्णाने पहिली धाव अशी घेतली की कुंपणाशी उभी असलेली मुले एकदम पुढे सरसावली. दुसरीही तशीच गेली. चौथीपासून ती ढासळली. सहावीच्या अखेरीस रेघ ओलांडून गुडघ्यांवर बसली. मुख्याध्यापक निवृत्ती खर्चे पाहत होते. मोबाईलवरचे जुने आणि नवे आकडे त्यांनी ताडून पाहिले आणि ते चिंतेत पडले.

"हे तं बिघडलं, सर. आधी कसे सारखे होते. आता शेवटी पार घसरून राह्यली ती."

"बिघडलं नाही, सर," धम्मरत्न सर म्हणाले. "आता खरं झालं. शेवटची धावसुद्धा जुन्या शेवटच्या धावेइतकीच आहे, पाहा. आधीच्या सगळ्या तिच्यापेक्षा पुढे आहेत."

विभागीय स्पर्धेसाठी शाळेने जीप केली होती. अन्नपूर्णाबाई त्या दिवसाची वेचणी सोडून सोबत आली. मुलीला धावताना तिने आजवर पाहिले नव्हते. अमरावतीच्या मैदानावर ती कुंपणाच्या जाळीला दोन्ही हातांनी धरून उभी राहिली. तिच्या शेजारी कय्यूम सर आपल्या लांब उडीच्या मुलांना घेऊन आले होते. चारशे मीटरमधून पहिल्या दोघींचीच राज्यासाठी निवड होणार होती, आणि रेघेवर आठजणी होत्या.

धावपट्टीकडे जाण्यापूर्वी सुवर्णा सरांपाशी आली. तिचे ओठ कोरडे पडले होते.

"किती आहेत, सर?"

सरांनी तिच्याकडे पाहिले. "एकच," ते म्हणाले.

ती हसली आणि गेली.

बंदुकीचा बार झाला. पहिल्या वळणावरच सुवर्णाने बाहेरच्या दोघींना गाठले. समोरच्या सरळ पट्टीवर ती सर्वांच्या पुढे होती. सरांच्या घशाशी "दम राख" आले. त्यांनी ते दात आवळून गिळले. शेवटचे वळण संपले तेव्हाही ती पुढेच होती. पण आता तिचे खांदे वर चढले, हात आखडले आणि पावले जमिनीत रुतल्यासारखी पडू लागली. अकोल्याची एक उंच मुलगी तिच्या बाजूने निघून गेली. बाहेरून यवतमाळची मुलगी जवळ येत होती, अधिक जवळ, खांद्याला खांदा. शेवटच्या काही पावलांत सुवर्णाच्या चेहऱ्यावर वेग उरला नव्हता, केवळ हट्ट उरला होता. दोघी एकदमच रेघेवर कोसळल्या.

पंच बराच वेळ पडद्यावर वाकून पाहत होते. मग त्यांनी नावे वाचली. दुसरी सुवर्णा तायडे.

कय्यूम सरांनी धम्मरत्न सरांच्या पाठीवर थाप मारली. "आता मेली, भाऊ! आता मुबारक!"

अन्नपूर्णाबाईंनी नाव ऐकले की नाही कोण जाणे. ती फाटकातून आत शिरली आणि धावपट्टीच्या कडेला गवतावर पडलेल्या मुलीपाशी जाऊन बसली. पदराने तिचे तोंड पुसले.

"उठ न व, सुवर्णा. लोक पाहून राह्यले."

"नाई उठता येत, माय," सुवर्णा डोळे मिटूनच म्हणाली. "काहीच नाई राह्यलं."

अन्नपूर्णाबाईंनी घाबरून सरांकडे पाहिले. सर जवळ येऊन उकिडवे बसले. "भिऊ नका. थोड्या वेळानं भरून येते," ते म्हणाले.

ती मुलीच्या थरथरणाऱ्या मांडीवर हात फिरवू लागली. वेचणीच्या सांजेलाही या पायांना तिने असे कापताना पाहिले नव्हते.

"राज्यावर कवा जाचं?" तिने विचारले.

"पंधरवड्यानं."

"मंग तवरक माह्या शेजारच्या पातीले दुसरी बाई पाहा लागते." मग ती मुलीकडे वळली. "अन् तुह्या बापाले मीच सांगन, सुरतेले मी एकलीच येऊन राह्यली म्हून. तू नको बोलू, रडशीन. चाल, उठ आता. जीप थांबते का आपल्यासाठी?"

सुवर्णाने कोपरावर भार देऊन पाहिले, पण तिला उठता आले नाही. तेव्हा अन्नपूर्णाबाईंनी पायांतल्या चपला काढून बाजूला ठेवल्या आणि ती तिच्याशेजारी गवतावर मांडी घालून नीट बसली. सरांनी फाटकाकडे पाहून जीपवाल्याला हाताने खूण केली, थांब म्हणून.